अचानक होणारे आवाज

भिंतीवरच्या एका घड्याळाला चिकटवलेली चिठ्ठी, वळणदार अक्षर: "घरी नेल्यावर पुन्हा लंगडतंय. कृपया पाहावं."

माझ्या घरातला टीव्ही गेली सहा वर्षं इंटरनेटला भेटलेला नाही. दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे.

काचेच्या अकरा ताटल्या, एकीवर एक, एकदम सिंकमध्ये.

विणकामाची लाकडी सुई. टोकाला दातांच्या खुणा.

"तुमचा अनुभव आणखी सुखद व्हावा म्हणून आम्ही काही बदल करत आहोत." खाली दोन बटणं: 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने'.

"शनिवारी अकरा वाजता टेबल न्यायला येतो. सोबत दोन माणसं आणतो."

*

आई घड्याळं दुरुस्त करते. मनगटावरची, टेबलावरची, सगळीच. पण तिचं नाव आहे ते लंबकाच्या घड्याळांसाठी. असं घड्याळ भिंतीवर जरासं तिरकं बसलं, किंवा आतली एक पट्टी वाकली, की टिक आणि टाक यांच्यातलं अंतर सारखं राहत नाही. एक पाऊल लांब पडतं, एक आखूड. आई त्याला लंगडणं म्हणते. लंगडणारं घड्याळ दोन-चार दिवस चालतं आणि थांबतं. ती डोळे मिटून ऐकते, पट्टी केसभर वाकवते, पुन्हा ऐकते. चाळीस वर्षं हेच चाललंय. सहा वर्षांपूर्वी तिचे कान दमले, तेव्हापासून दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि काम तसंच सुरू आहे.

मी घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहितो. 'हे बटण दाबा. दिवा लुकलुकेल.' दिवसभर असं लिहायचं आणि संध्याकाळी त्याच उपकरणांविरुद्ध इंटरनेटवरच्या एका मंचावर लिहायचं. तिथे माझ्यासारखे बरेच आहेत. ताई मला वकीलसाहेब म्हणते. "आज कोणाची केस? मिक्सरची?"

मत क्र. ४
'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने' यांच्यात 'नको' कुठे आहे? दारात उभा असलेला पाहुणा "आजपासून मुक्काम करू की उद्यापासून?" असं विचारत असेल, तर तो विचारत नसतो.

मत क्र. ११
खुर्ची मी घेतली, तर तिची उंची मी ठरवणार. मी बसलेलो असताना कारखान्यातून कोणीतरी ती खालीवर करत असेल, तर ती खुर्ची माझी कशी?

*

बुधवारी दुपारी दुकानात गेलो तर आई हत्यारं पुसून पेटीत भरत होती. लहान चिमटे एका कप्प्यात, मोठे दुसऱ्या.

"कुठे निघालीस?"

"मी कुठे जाणार. टेबल निघालंय. शनिवारी."

"कोणतं टेबल?"

"माझ्याकडे किती टेबलं आहेत?" तिने एक स्क्रूड्रायव्हर उजेडात धरून टोक पाहिलं. "शेजारच्या गावात एक घड्याळवाला आहे. हात चांगला आहे त्याचा. हत्यारांसकट घेतोय."

मी स्टुलावर बसलो. भिंतीवर चौदा घड्याळं चालू होती.

"शिक्षिकाबाईंचं घड्याळ दोनदा परत आलं," ती म्हणाली. "एकदा येतं, कोणाचंही येतं. दोनदा कधी आलं नव्हतं. मी कान लावून बसले, मला वाटलं छान चाललंय. खरं सांगू? मला काही वाटलंच नाही. ऐकूच येईना. लंबक हलताना दिसतो, आवाज नाही. मी आपली अंदाजाने पट्टी वाकवली. अंदाजाने! मी!"

"कान तपासून घेतलेस?"

"घेतले ना. ती तपासणारी मुलगी म्हणते, होते तसेच आहेत. ती शिट्ट्या वाजवते आणि विचारते ऐकू आली का. शिट्ट्या येतात मला ऐकू. मी काय शिट्ट्या दुरुस्त करते?"

तेवढ्यात तिने खणातून विणकामाची लाकडी सुई काढली, एक टोक शिक्षिकाबाईंच्या घड्याळाच्या पेटीवर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. डोळे मिटले. मी बघत राहिलो.

"आई, हे काय?"

तिने सुई काढली. "दातांनी येतं ऐकू. हाडातून जातं. लंगडतंय, स्पष्ट कळतं. पण दोन मिनिटांत जबडा भरून येतो, आणि पट्टी वाकवायला दोन्ही हात लागतात, सुई सुटते. शिवाय गिऱ्हाइकासमोर दातांत काठी धरून बसू? कुत्र्यासारखी?"

"थांब. दातांनी स्पष्ट कळतं?"

"स्पष्ट."

"मग कान आणखी बिघडलेले नाहीत. यंत्रात गडबड आहे." माझ्या डोक्यात दिवा लुकलुकला. "अकरा तारखेला कंपनीचा निरोप आला होता. 'अनुभव आणखी सुखद.' आठवतं? त्यांनी परस्पर काहीतरी बदललंय. टिकटिक म्हणजे गोंगाट, असं ठरवून टाकलंय कोणीतरी."

"मग त्यांना सांग, होतं तसं करा."

"ते ऐकणार नाहीत."

"सांगून तरी बघ. तू आधी भांडतोस, मग विचारतोस."

"तोपर्यंत त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव."

"आधी ऐकू येऊ दे," आई म्हणाली आणि पेटी भरू लागली. "शब्द दिलाय मी. शनिवारपर्यंत आलं ऐकू तर बघू. आलं नाही तर टेबल जाईल. आंधळ्याने मोती ओवू नयेत."

*

मी आधी भांडलो. त्याच संध्याकाळी मंचावर लिहिलं:

'माझ्या आईने पैसे मोजून कान घेतले होते. कंपनीने ते तिला न विचारता परत नेले.' वगैरे. दोन पानं. शेवटी मत क्र. २, जे मला माझ्या सगळ्या मतांमध्ये सर्वात प्रिय आहे:

मत क्र. २
बदल करण्याआधी वापरणाऱ्याला विचारा. विचारायला जमलं नाही तर निदान सांगा. विचारलं नाही आणि सांगितलंही नाही, तर त्याला सोय म्हणू नका.

जेवून उठेपर्यंत चौऱ्याण्णव लोकांना ते पटलं होतं.

*

गुरुवारी सकाळी मी कंपनीला फोन लावला. कागदावर मुद्दे काढून बसलो होतो.

"सर, मी पाहिलं," पलीकडची बाई म्हणाली. आवाज शांत होता, मला लागणार होता त्याहून जास्त शांत. "अकरा तारखेचा बदल तुमच्या यंत्रांवर आलेलाच नाही."

"असं कसं? निरोप आला होता."

"निरोप सगळ्यांना जातो. तुमच्याकडे आपोआप होणारे बदल बंद आहेत. चार वर्षांपासून."

"कोणी बंद केले?"

"तुमच्याच खात्यातून झालेत, सर."

मी मुद्द्यांच्या कागदाकडे पाहिलं. "बरोबर आहे," मी म्हणालो. "मीच केले."

"चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि ते तिने खरंच म्हटलं की सवयीने, ते मला अजून कळलेलं नाही. "काय काय बदललंय त्याची यादी ॲपमध्ये असते. सगळ्यात खाली. फारसं कोणी तिथपर्यंत जात नाही."

मी सगळ्यात खाली गेलो.

९ तारीख, रविवार, दुपारी १:४२
अचानक होणारे आवाज सौम्य करा
आधी: बंद
आता: कमाल
बदल करणारा: मुलगा, दुसरा फोन

'मुलगा' हे नाव मीच टाइप केलं होतं.

*

रविवार, ९ तारीख. ताईकडे जेवण. भाचीने अकरा ताटल्या एकदम सिंकमध्ये सोडल्या. आई एवढी दचकली की तिचा हात कानाकडे गेला आणि पेल्यातलं पाणी टेबलावर सांडलं. "अगं हळू!" ताई ओरडली. मी टेबलाखाली फोन काढला. आईच्या यंत्रांचं सगळं माझ्या फोनवरून करता येतं, कारण तशी व्यवस्था मीच केली आहे: तिच्या फोनवर फक्त दोन कानांचं चित्र आणि बॅटरीचा आकडा दिसतो, बाकी सगळं एका पिनमागे. तिने एकदा काहीतरी दाबलं होतं आणि एक अख्खी दुपार तिला काही ऐकू आलं नव्हतं, तेव्हापासून. दहा सेकंदांचं काम. फोनवरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली. पुढच्या ताटल्यांना आई दचकली नाही. मला छान वाटलं. मी आणखी थोडा भात घेतला.

छोटे, टोकदार, एकाएकी येणारे आवाज यंत्र चापट मारून खाली बसवतं. ताटली तसा आवाज आहे. टिकसुद्धा. टाकसुद्धा.

मी कोणाला विचारलं नव्हतं. कोणाला सांगितलंही नव्हतं. सोमवारपर्यंत मी स्वतःही विसरलो होतो.

*

मंचावरचं लिखाण मी काढलं नाही. त्याखाली लिहिलं: 'बदल कंपनीने केलेला नव्हता. मी केला होता. यंत्र माझ्या आईचं आहे.'

सर्वात आधी आलेलं उत्तर: 'तरीपण कंपन्या असंच करतात.'

करतात. पण त्या दिवशी केलं नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी दुकानात सांगितलं. बसून सांगावं की उभं राहून, याचा मी वाटेत विचार केला होता. शेवटी दारातच सांगून टाकलं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस माझे कान तुझ्या खिशात होते."

"हो."

"आणि तू बसला होतास कंपनीला शिव्या घालत."

"हो."

"किती लोकांना पटलं?"

"चौऱ्याण्णव."

ती हसली नाही, पण चष्मा काढून पुसला. ते जवळपास तेच. "अरे, ताटल्या पडल्या तर मी दचकेन. दचकून काय होतं? माणूस पुन्हा खाली बसतो. तुला वाटलं असेल आईला त्रास नको. पण त्रास कोणाचा आहे?"

माझ्याकडे यावर मत नव्हतं. मी फोन काढला.

"तुझा नको," ती म्हणाली. "माझा घे. मला दाखव."

"आई, आत एकतीस गोष्टी आहेत. गोंधळ होईल."

"एकेका घड्याळात शंभरावर भाग असतात. मी गोंधळते?"

मी पिन सांगितला. तिने स्वतः टाकला, एकेक आकडा दाबून, मान वर करून माझ्याकडे बघत. यादी उघडली. ती सगळ्यात वरून वाचायला लागली, सुट्या भागांचं एक रिकामं पाकीट उलटं करून त्यावर पेन्सिलीने लिहायला लागली.

"मी नीट लिहून देतो," मी म्हणालो. "क्रमवार. हेच तर माझं काम आहे."

"नको. तुझ्या पुस्तिका कोणी वाचत नाही. मशीन आलं की पहिली तीच फेकतात."

सातव्या ओळीवर ती थांबली. 'अचानक होणारे आवाज सौम्य करा.' तिने बोट ठेवलं आणि पट्टी उजवीकडून डावीकडे नेली, सावकाश, जशी ती घड्याळातली पट्टी वाकवते.

आणि तिचा चेहरा वर झाला. चौदा घड्याळं.

"अगं बाई," ती म्हणाली. आणि बोट दाखवायला लागली. "ते कोपऱ्यातलं कोरडं पडलंय, तेल मागतंय. हे धावतंय. आणि हे," शिक्षिकाबाईंचं घड्याळ तिने आधीच भिंतीवरून उतरवलं होतं, "हे तर दारुड्यासारखं चालतंय. आणि मी त्याला दोनदा घरी पाठवलं. बाईंना काय वाटलं असेल!"

तिने पेटीतून चिमटा काढला, हत्यारं पुसून भरल्यानंतरचा पहिला. घड्याळ पुन्हा भिंतीवर. डोळे मिटून. केसभर. पुन्हा डोळे मिटून. अजून अर्धा केस. मी श्वास रोखून उभा होतो, का ते माहीत नाही. माझ्या श्वासाने लंबक हलणार नव्हता.

"बसलं," ती म्हणाली.

मग पुन्हा फोनकडे वळली. "आता हा मुलगा इथून कसा काढायचा?"

मी दाखवलं. फोनने विचारलं, 'खात्री आहे?' खाली दोन बटणं: 'हो' आणि 'नाही'. दोन्ही होती. तिने 'हो' दाबलं आणि पाकिटाच्या मागे नोंद केली. त्या घड्याळवाल्याला फोन केला, पण तो उचलेना.

*

म्हणून शनिवारी अकरा वाजता तो दोन माणसं घेऊन आलाच. आईने त्याला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं: मी शब्द मोडतेय, चूक माझ्या घरातली आहे. तो भिंतीकडे मान करून म्हणाला, "त्या तिसऱ्याला कोणी हात लावलाय? फार सुंदर बसलंय."

"मीच, काल," आई म्हणाली.

"मग बरोबर आहे. टेबल राहू द्या." जाताना त्याने आईकडचं मागचं कपाट मागितलं, माणसं आणलीच आहेत तर म्हणून. आईने दिलं. तिला तसंही त्याची अडचणच होत होती.

रविवारी ताईकडे जेवण. ताटल्या पडल्या, आई दचकली, पुन्हा खाली बसली. मी भावोजींना मत क्र. ११ सांगत होतो, खुर्चीचं. रंगात आलो होतो. आई समोर बसून माझ्याकडे बघून मान हलवत होती, मधूनमधून हसतही होती. ताईने मला कोपराने ढोसलं आणि टेबलाखाली खूण केली. आईचा अंगठा तिच्या फोनवर होता, आवाजाची पट्टी पार शून्यावर.

*

चार वर्षांपूर्वी मी तो पिन टाकला तेव्हा आईने विचारलं होतं, आकडा काय ठेवलास. मी म्हणालो होतो, तुला कशाला हवाय.