जर्मन हमाल आणि आमचे मामंजी

“आवाज वाढीव की जरा. काय बोलतोय त्यो, कळंना,” सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

सिनेमाला आवाजच नव्हता. माझी लेक शेफाली पुण्यात सिनेमा शिकते. शंभर वर्षांपूर्वीचा हा जर्मन मूकपट तिनं खास आजोबांसाठी टीव्हीला जोडला होता. त्यातला जाडा नट जन्मभर हमाल नाहीतर वेटरच झाला म्हणे. नायक दुसराच असायचा, पण लोक यायचे ते ह्याला बघायला.

माझे सासरे कुंडलिकराव त्याच जातकुळीचे. आमच्या मार्गासनीच्या जत्रेतल्या वगात सोंगाड्या त्यांचाच, पडद्याआधीचा नारळही त्यांच्याच हातचा. गेल्या साली अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं नाही सावरलं. पण ते भरभरून बोलतात, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून अख्खं गाव “व्हय, व्हय” म्हणतं. एकदा आम्ही असंच कशाला तरी व्हय म्हटलं, तर सकाळी दारात शेणखताचा टेम्पो उभा.

जर्मन गडी घसरला. हातातला ट्रे त्यानं सावरला आणि स्वतः आपटला. मामंजी डोळे पुसत हसले. मग शेफालीला त्यांनी काहीतरी विचारलं. तिनं मान डोलावली. मला विचारलं, मीही डोलावली. ते उठले आणि ट्रंकेतून सोंगाड्याची टोपी काढून घालून आले.

तेवढ्यात जत्रा कमिटीचे आनंदराव टेकले. चहा घेता घेता त्यांनी मला हळूच विचारलं, यंदा मामंजींना काम द्यायचं घरात ठरलं का? ते रोज तालमीला येऊन बसतात. मी म्हटलं, मला वाटलं कमिटीनंच ठरवलं. पारावर ते काहीतरी बोलले होते खरे, आनंदराव म्हणाले, आणि आपण व्हय म्हणून बसलो.

मामंजींचं लक्ष इकडं येऊ नये म्हणून शेफाली घाईघाईनं जर्मनाचंच सांगत राहिली. पुढं बोलपट आले, आणि त्याची कामं... ती अडखळली.

“आन?” मामंजींनी विचारलं. वर्षभरात एवढाच शब्द स्वच्छ आला.

शेफालीनं माझ्याकडं पाहिलं, मी आनंदरावांकडं. सासूबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याची तिरकी झालेली टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली आणि हात तिथंच ठेवले.

“आवं, वरीस झालं, तुमी काय बोलता ते हितं कुणालाच कळत न्हाई. मला बी न्हाई.”