एक वर, एक खाली

मित्रांनो, आधी तुमचे हात बघू द्या. खाऊ खाऊन तसेच आला असाल तर लांबूनच ऐका. मी एक जुनी दुर्बीण आहे आणि कोणावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तुम्हांला वाटेल, वयामुळे किरकिरी झाली असेल. तसं नाही. मी पहिल्यापासूनच अशी आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे भिंगं घासणारी एक बाई होती. ती प्रत्येक भिंग दिव्यासमोर धरायची, मान हलवायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. तिच्या हातून सुटून मी तपासनीस बाईच्या टेबलावर आले. लांबच्या भिंतीवर एक बारीक फुली काढलेली होती. माझ्या दोन्ही नळ्यांतून ती फुली अगदी एकाच जागी दिसायला हवी होती. बाईंनी बघितलं, तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा बघितलं. मग चहा पिऊन आल्या आणि तिसऱ्यांदा बघितलं. त्यानंतरच माझ्या पोटाशी खूण केली. तेव्हापासून जो माणूस एकदाच बघतो, त्याचा मला संशय येतो.

पुढे मी एका तलावावर कामाला लागले. शहराला पाणी पुरवणारा तलाव होता तो. पाण्यात एक मनोरा होता आणि त्याच्या अंगावर आकड्यांची उभी पट्टी रंगवलेली होती. पाणी कोणत्या आकड्याला टेकलं आहे, ते काठावरून दिवसातून तीन वेळा वाचायचं. हे काम जिच्याकडे होतं, तीच पुढे ह्या गोष्टीतल्या जुळ्या भावंडांची पणजी झाली. तेव्हा ती कोणाचीच पणजी नव्हती. कानावर पेन्सिल, पायांत जाड बूट आणि कपाळावर एक कायमची आठी.

तिची कामाची रीत मला फार आवडायची. ती माझ्यातून आकडा वाचायची, चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी घडी करून खिशात टाकायची. मग पंपावरच्या माणसाला हाक मारून त्यालाही वाचायला लावायची.

"बाई, इतकी वर्षं झाली, तुमचा माझ्यावर भरवसा नाही?" तो चिडवायचा.

"माझा माझ्यावर नाही, तर तुमच्यावर कुठून असणार? बघा आणि लिहा. मला सांगू नका."

दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर आकडा वहीत जायचा. जुळल्या नाहीत तर दोघं पुन्हा बघायची. कोण चुकलं, हा प्रश्न ती कधीच विचारत नसे.

ती निवृत्त झाली तेव्हा कचेरीने मला तिच्या हवाली केलं. बरीच वर्षं मी कपाटात पडून होते. मग तिच्या नातवाला जुळी झाली, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी सात मिनिटांनी मोठी. त्या सात मिनिटांचा तोरा तिने कधी खाली ठेवला नाही. घरात त्यांना मोठी आणि धाकटा असंच म्हणत. ती दोघं सहा वर्षांची झाली आणि आमच्या रविवारच्या सहली सुरू झाल्या. आई गाडी चालवायची, बाबा डबे सांभाळायचे, पणजी मला सांभाळायची. जायचं कुठे, तर त्याच तलावावर.

"माझी पाळी!"

"तुझी आत्ताच झाली!"

"भांडत बसलात तर पाणी मोजायचं राहील," पणजी बाकावरून म्हणायची. "शहर तहानेने मरेल. मग पाप कोणाच्या डोक्यावर?"

"हिच्या!"

"ह्याच्या!"

मग ती दोघांना आळीपाळीने मला द्यायची. मोठी येऊन तिच्या उजव्या कानात आकडा सांगायची, धाकटा डाव्या कानात. आकडे जुळले की पणजी दोघांचे गाल ओढायची. नाही जुळले की नुसतं म्हणायची, "परत."

मला मुलांचा संशय यायचाच. धाकट्याची बोटं चिकट असायची. मोठीने तर एकदा तलावात मगर बघितली होती. ती मगर शेवटी लाकडाचा ओंडका निघाली. पण पणजी जवळ असली की मला धीर असायचा.

मग पणजी गेली.

कपाट उघडलं, तेव्हा मी सावध झाले. तिचे बूट गेले, स्वेटर गेले, चष्मेही गेले. बाबा प्रत्येक वस्तू उचलून म्हणायचे, "हे कोणाला द्यायचं?" मला वाटलं, आता माझा नंबर. बाबांनी मला उचललं, पुसलं आणि दाराशी गाडीच्या किल्लीशेजारी अडकवलं. ह्यात नक्की काहीतरी डाव असणार, असं मी मनात म्हटलं.

डाव काही नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तलावावर गेलो. बाबा पणजीसारखे वाकून बसले आणि दोन्ही कान मुलांच्या पुढे केले.

"चोवीस," धाकटा एका कानात म्हणाला.

"दोन पट्ट्या आहेत," मोठी दुसऱ्या कानात म्हणाली. "एक वर, एक खाली. कुठली वाचू?"

बाबा हसले. "नीट बघ बरं."

"नीटच बघितलं."

"ती मुद्दाम करते!" धाकटा ओरडला. "तिला जास्त वेळ बघायचं असतं!"

मला ते पटलं. मगर बघणारी मुलगी दोन पट्ट्याही बघेल. पण पुढच्या रविवारीही ती तेच म्हणाली आणि आईच्या कपाळावर आठी पडली. आई तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोठीने सगळी अक्षरं वाचली. शेवटची ओळ संपल्यावर तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. डोळे ठणठणीत आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईला हायसं वाटलं. घरी येईपर्यंत तिला वेगळीच काळजी लागली होती: मग पोर असं का सांगते?

मग बाबांनी माझी तपासणी घेतली. मला राग आला, पण माणूस पद्धतशीर होता, हे कबूल करायला हवं. त्यांनी मला खिडकीत टेकवलं, चष्मा काढला, माझी डावी नळी तळहाताने झाकली आणि उजवीतून समोरच्या गच्चीवरची टाकी बघितली. मग उजवी झाकली आणि डावीतून बघितली. टाकीवरचा गंजसुद्धा स्पष्ट दिसला.

"दुर्बीण एकदम चांगली आहे," ते म्हणाले. मी फुगले.

डोळे चांगले, दुर्बीण चांगली. मग राहिलं काय? सगळ्यांनी मोठीकडे बघितलं. मीसुद्धा.

"मी खोटं बोलत नाहीये," ती म्हणाली.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात बोलले. "पणजी नाहीये म्हणून असं होतंय का बाळा? आम्ही कोणी ओरडणार नाही. फक्त खरं सांग. खरं सांगितलंस की दुर्बीण परत तुझ्या हातात."

"मग नको मला."

त्यानंतरचे तीन रविवार तिने मला हात लावला नाही. तलावाकडे पाठ करून ती दगडावर बसून राहायची. आईने डबा पुढे केला तरी वळायची नाही. आता दर वेळी धाकट्याचीच पाळी होती, पण त्याचा चेहरा उतरलेला असायचा. तो बाबांच्या कानात "वीस" म्हणायचा आणि वाट बघायचा. दुसऱ्या कानात कोणीच काही सांगायचं नाही.

"चुकलं असेल तर?" एकदा त्याने विचारलं.

चौथ्या रविवारी काठावर एक नवा रखवालदार उभा होता. गळ्यात शिट्टी आणि नजर माझ्याहून संशयी. तो तरातरा आमच्याकडे आला.

"काय चाललंय इथे? दुर्बीण कशाला? कोणी पाठवलं तुम्हांला?"

"कोणी नाही हो," बाबा म्हणाले. "पाणी किती आहे ते बघतोय."

"ते बघायला ऑफिसची माणसं आहेत. तुम्ही कोण?"

"आमची पणजी इथे पाणी मोजायची," धाकटा छाती काढून म्हणाला.

"कुठे आहे पणजी? बोलवा."

आईने धाकट्याला जवळ ओढलं. रखवालदार क्षणभर घुटमळला, पण नोकरी ती नोकरी. त्याने हात पुढे केला. "द्या इकडे. आत कॅमेरा-बिमेरा आहे का बघू दे."

त्याच्या हातांना गेटच्या गंजाचा वास येत होता. त्याने मला उलटसुलट केलं, हलवून बघितलं आणि मग डोळ्यांना लावून मनोऱ्याकडे वळवलं. लगेच खाली घेतलं. डोळे चोळले. पुन्हा लावलं.

"अहो, हे काय! मनोऱ्यावर मनोरा! एक वर, एक खाली! ह्यातून काय डोंबल पाणी मोजणार तुम्ही? डोकं गरगरलं माझं."

दगडावरची पाठ वळली.

बाबांनी मला त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. चष्मा काढला आणि ह्या वेळी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला आईकडे दिलं. आईने बघितलं आणि धाकट्याला पुढे ओढलं. "तू बघ रे जरा." त्याने मला डोळ्यांना लावलं. आई बाजूने वाकून त्याचा चेहरा न्याहाळू लागली. त्याचा डावा डोळा गच्च मिटलेला होता.

"तू नेहमी असाच बघतोस? एक डोळा मिटून?"

"मग? दोन्ही उघडले की दुखतात."

मित्रांनो, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. पणजीच्या शेवटच्या सहलीत, तलावावर पोचल्या पोचल्या, मी तिच्या मांडीवरून घसरून दगडी पायरीवर पडले होते. चामड्याच्या पेटीत होते, त्यामुळे ओरखडा उठला नाही. पणजीने पेटी उघडली, भिंगांवर फुंकर मारली आणि म्हणाली, "लागलं नाही ना गं?" तिची नजर तेव्हा अधू झाली होती, त्यामुळे तिने मला डोळ्यांना लावून बघितलं नाही. आणि मला काही झालेलं नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. साऱ्या जगावर संशय घेतला, एक स्वतःला सोडून.

झालं होतं असं. माझ्या डाव्या नळीत प्रतिमा सुलटी करणारा काचेचा लोलक असतो. तो केसभर सरकला होता. त्यामुळे डावी नळी जरा वर बघत होती. डोळ्यांचं एक आहे, डावी-उजवीकडची थोडी चूक ते आपसांत सांभाळून घेतात, पण वर-खालची चूक त्यांना सांभाळता येत नाही. प्रत्येक नळी एकेकटी निर्दोष होती. एका डोळ्याने बघणारा धाकटा खरं बोलत होता आणि दोन डोळ्यांनी बघणारी मोठीही. बाबांनी सगळं तपासलं होतं. फक्त दोन्ही नळ्या एकदम तपासल्या नव्हत्या.

बाबा मोठीसमोर उकिडवे बसले. "माझं चुकलं."

"किती?" तिने विचारलं.

"खूप."

तिने थोडा वेळ हिशेब केल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाली, "मला कधीपासून दोन दिसतात माहितीये? पणजी शेवटची आली होती ना, तेव्हापासून. ती बाकावर बसली होती आणि मी लांबून तिलाच बघत होते. दोन पणज्या होत्या."

"तिला सांगितलंस?" आईने विचारलं.

"हो. ती म्हणाली, बरंच झालं की, एकेक वाटून घ्या."

आई हसली आणि मग तिने तोंड दुसरीकडे वळवलं. ह्या मुलांना जन्मापासून सगळं अर्धं अर्धं मिळालं होतं. आख्खी पणजी दोघांपैकी कोणालाच कधी मिळाली नव्हती.

"मग माझी कुठली होती?" धाकट्याने विचारलं.

"खालची. मी मोठी आहे."

बाबांनी मला दोन्ही हातांत धरलं. "मग अशीच राहू द्यायची का ही? दुरुस्त नको करायला?"

मोठीने माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखला, म्हणजे दुर्बिणीला जेवढा रोखता येतो तेवढा.

"नाही, दुरुस्त करा," ती म्हणाली. "नाहीतर आकडा चुकेल."

"झालं का तुमचं?" मागून रखवालदार म्हणाला. "तलाव पाचला बंद होतो." पण त्याचा आवाज आता मघासारखा नव्हता.

दुरुस्ती करणारे आजोबा कपाटाएवढ्या दुकानात बसायचे. हे माझं चांगलं भिंग काढून हलकं बसवतील, असा संशय मला आलाच, म्हणून मी शेवटपर्यंत त्यांच्या हातांवर लक्ष ठेवलं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी लोलक जागेवर आणला, स्क्रू आवळला आणि मला मोठीच्या हातात दिलं. बाबा रस्त्याच्या पलीकडे गाडीपाशी उभे होते. तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा एकच आहे," ती म्हणाली. आवाज जरा पडलेला होता.

"तेवढा पुरे," धाकटा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "आता माझी पाळी. मीपण दोन्ही उघडे ठेवणार."

सवय नसल्यामुळे त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने डोळा मिटला नाही.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, पट्टा गळ्यात घाला, दगडावर आपटू नका. एवढं तर कोणीही सांगेल. मला आणखी एक मागायचं आहे. माझी काच स्वच्छ दिसते, म्हणून मी बरोबर आहे असं समजू नका. तुमच्या शेजारी उभं असलेलं कोणी तुमच्याहून वेगळं काही सांगत असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधण्याआधी त्याच्या हातातून मला घ्या आणि तो उभा आहे तिथे उभे राहून, तो बघतो तसंच बघा. संशय घ्यायचाच असेल, तर तो पहिल्यांदा माझ्यावर घ्या. मला आता त्याचा राग येत नाही.