निवळून दिलेली बाटली

आमचा मोरू हल्ली रोज संध्याकाळी सदूच्या टपरीवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, लॅबवाल्यांनी मला फसवलं. लोक हळहळतात, चहा पाजतात. माझा मुलगा, नातवंडांचा आजा, आणि तोंड वर करून खोटं बोलतो. आजार कोणालाही होतो. ह्याची मात्र मला लाज वाटते.

गेल्या वर्षी त्याच्या मूत्राशयातली गाठ काढली. कॅन्सरची होती. ती पुन्हा उगवते, म्हणून अधूनमधून आत दुर्बीण घालून बघावं लागतं. कुठून घालतात ते मी लिहीत नाही. मोरू एकदा गेला, दुसऱ्यांदा रिक्षातूनच उतरून पळाला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान लघवीत कॅन्सरची खूण सापडते का ते तरी तपासू. सुचिताने, माझ्या सुनेने, लॅबमधून बाटली आणून दिली. रिपोर्ट चांगला आला. तरी दुर्बिणीला या, असं बाई म्हणत होत्या, पण आता कोण ऐकतो? मीसुद्धा पालीला जाऊन नारळ फोडून आले.

दिवाळीनंतर लघवीतून रक्त पडायला लागलं. सुचिताने आणि मी दोन्हीकडून धरून नेला. रोग मूत्राशय ओलांडून हाडात गेलेला. कापून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाईंनी जुना रिपोर्ट पुन्हा बघितला आणि विचारलं, लघवी कशी दिली होती? मोरूने ऐटीत सांगितलं. जरा गढूळ वाटली, म्हणून तांब्यात ठेवली, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळ तेवढी बाटलीत ओतली. आम्ही मिठागरातली माणसं. खाडीचं पाणी आधी थांबवून ठेवायचं, चिखल बसला की वरचं पुढच्या वाफ्यात सोडायचं. गढूळ सोडलं तर मीठ काळं पडतं आणि चार माणसं नावं ठेवतात. परक्या माणसाच्या हातात घाण कशाला द्या, म्हणून त्याने बाटलीलाही तोच न्याय लावला. गाळ मोरीत ओतला.

बाईंनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, आतून जे सुटून येतं ते त्या गाळातच बसतं, आम्ही तेच शोधतो. नीट दिली असती तरी सापडलंच असतं असं नाही, असंही म्हणाल्या. हे शेवटचं मोरूच्या कानात शिरलं नाही. माझ्या शिरलं, पण ते घेऊन मी करू काय?

काल टपरीवर गेले. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मोरूचं तेच चाललं होतं. खांद्यावरून सदरा घसरत होता, इतका वाळलाय. मला बघून म्हणाला, “आये, तू कशाला आलीस? जा घरी.”

मी बसले नाही.

“लॅबनं तू दिलंस तेवढंच तपासलं, मोरू. चूक तुझी हाय. न कळता झाली, तिचा बोल मी तुला लावत न्हाय. तू आता बरा व्हणार न्हायस, ते तुला ठावं हाय नि मलाबी. पण जाताना आपलं पाप दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवून जाशील, तर तुझ्या मयताला मी रडायची न्हाय.”