मुदत संपलेलं बदक

मी मुदत संपलेला प्रोग्राम बोलतोय. ऐकायला कुणी बसलेलं नाही, म्हणून जरा मोठ्यानं बोलतो.

माझा एक भाऊ विकत मिळतो. मी फुकटातला. महिनाभर राबायचं आणि मग तोंड फिरवायचं, एवढंच मला शिकवलेलं.

मी एका वहिनींच्या घरी आलो. त्यांचा दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करायचा, म्हणून माझ्याही त्या वहिनीच. बाळ मांडीवर आणि एक हात माऊसवर, अशा त्या माझ्यात भरतकामाची नक्षी काढायच्या. मशीन ती कापडावर उठवायचं. बालवाडीच्या एप्रनांवर बदक काढायचं, ही त्यांची पहिलीच ऑर्डर. उद्या शाळा उघडणार आणि आज माझा महिना भरला.

मी बदक दाखवलं, पण मशीनकडे काही जाऊ देईना.

"भावजी, हे मेलं रुसलं!"

"काढून परत टाकतो. त्याला काय कळतंय?"

काढलं, टाकलं, परत काढलं, परत टाकलं. पण मला काढलं तरी माझी एक खूण आत कोपऱ्यात राहते. आलो की आधी तीच बघतो. मुदत संपली ती संपली! भावजींनी कॉम्प्युटरची तारीख मागे नेली. तेही मी ओळखलं. तेव्हा वहिनी ताडकन उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे फिरवलं आणि आजचं वर्तमानपत्र गादीखाली कोंबलं.

"वहिनी, त्याला काय डोळे आहेत?"

"मग कळलं कसं त्याला? हसताय काय! बालवाडीच्या बाई काम दुसरीला देतील."

डोळे नाहीत म्हणे! मग हे सगळं मी काय कानानं पाहिलं?

शेवटी वहिनींनी पातळ कागद पडद्यावरच चिकटवला आणि पेन्सिलनं बदक गिरवलं. मला अशा गुदगुल्या झाल्या! पण नुसतं दाखवायला मला बंदी नव्हती, म्हणून दाखवत राहिलो. मग तो कागद कापडावर ठेवून संध्याकाळपर्यंत त्या मशीनच्या सुईखाली कापड हातानं फिरवत बसल्या. एक बदक मानमोडं, एक ढेरपोटं, एक तर चक्क भावजींसारखं.

सकाळी बाई आल्या. वहिनींनी बाळाला घट्ट धरलं.

"अगं, प्रत्येकाचं बदक वेगळं! आता एप्रनांची अदलाबदल नाही की रडारड नाही. पुढच्या वर्गाचेही तूच कर."

त्याच दिवशी मला काढून टाकलं. आता फक्त ती कोपऱ्यातली खूण उरली आहे. माझं काही मागणं नाही. फक्त भिंतीवरचं ते पान कुणीतरी पुढे करा हो. बाळाची लस चुकेल.