एकच पिकावं म्हणून

मास्तरीण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. नाकातोंडात पाणी गेलेलं पोरही ती गोडीगुलाबीने पुन्हा पाण्यात उतरवायची. मूल होण्यासाठी घेतलेल्या गोळ्या वाया गेल्या, तरी तिने हाय खाल्ली नव्हती.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा अंड्यांचा साठा सांगणाऱ्या एएमएच या हार्मोनचा आकडा चांगला भरभक्कम निघाला. "कमी असला की काळजी म्हणतात. तुझं काम फत्ते!" जाऊ म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. "पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात बारीक अंडी ढीगभर साठतात, म्हणून आकडा मोठा. पण पिकत एकही नाही. गोळ्या लागू पडल्या नाहीत त्या बहुधा त्यामुळेच. इंजेक्शनं देऊ, पण जपून. नाहीतर सगळी एकदम उठतील."

पहिल्याच खेपेला झालंही तसंच. सोनोग्राफीच्या पडद्यावर वाढलेल्या अंड्यांचे टपोरे काळे गोल दाटीवाटीने बसले होते.

"हा महिना सोडायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंडी सोडवणारं शेवटचं इंजेक्शन मी देणार नाही. तिळं-चौळं राहिलं, पोटात पाणी भरलं, तर जिवावर बेतेल. घरी नीट समजावून सांगा."

घरी सासूबाई उसळल्या. "हातातोंडाशी आलेला घास टाकायचा? चार झाली तर चार वाढवू! मी आहे ना."

"आई, आधी माझ्या पोटात वाढायची आहेत ती. अर्ध्या दिवसांची होऊन गेली, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"तिचंच बरोबर आहे," नवरा म्हणाला. सासूबाई तणतणत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या न्हाणीघरात नळ सोडून ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन, शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर आली.

पुढच्या खेपेला डोस आणखी कमी केला. अंडं मुंगीच्या पावलांनी वाढत होतं.

"जरा वाढवायला सांग ना," नवरा कळवळून म्हणाला.

"नाही. लागू दे वेळ."

अखेर एक पिकलं. त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. पाळी आल्यावर ती पुन्हा सुया टोचून घ्यायला गेली.

या वेळी दिवस राहिले. बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायला तिने सासूबाईंनाच आत नेलं. त्या धडधडीकडे कान देऊन म्हातारी सुनेच्या पायांवर चादर नीट ओढत म्हणाली, "किती घाईत आहे गं!"