हेकच्या हातची काडतुसं

आमच्या घरात रायफल मी चालवते आणि काडतुसं हेक भरतो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हे ठरून गेलं. का ठरलं, ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही. हेक म्हणतो, त्याला पोटावर पडून राहायचा कंटाळा. मी म्हणते, बंदुकीची दारू तोलत बसलं की मला जांभया येतात. काहीही असो, तालगोंगच्या चांदमारीच्या मैदानावर आजवर मी झाडलेली प्रत्येक गोळी त्याच्या हातून भरलेली, आणि रायफल गालाशी धरताना मला कधी धाकधूक वाटली नाही.

मागच्या वर्षी हेकला पक्षाघाताचा हलका झटका आला. पाय सुधारला, बोलणं तर पूर्वीपेक्षा वाढलं. उजवा हात मात्र थरथरू लागला. कप उचलला की अर्धा चहा बशीत. मी बशी पुसून ठेवत असे.

काडतूस भरणं म्हणजे सगळा नाजूकपणाचा कारभार. झाडलेली पितळी नळी स्वच्छ करायची, प्रेसमध्ये दाबून मापात आणायची, तिच्यात दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. दारू कमी पडली तर गोळी निशाणाच्या खाली जाते. जास्त पडली तर रायफल फुटते, आणि तिच्यामागे ज्याचं तोंड असेल त्याचं काही खरं नाही. हेकला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणूनच एका शनिवारी नेमबाजी क्लबच्या कट्ट्यावर त्यानं नेव्हिलला सांगून टाकलं.

नेव्हिल आमचा शेजारी, गहू पिकवतो. चांदमारीत माझा जोडीदार तोच. मी झाडते तेव्हा माझे गुण तो मांडतो, तो झाडतो तेव्हा मी. हेकच्या प्रेसवर त्याचा कधीपासूनचा डोळा होता.

"जुलैची बक्षिसाची चांदमारी होऊ दे," हेक म्हणाला. "एनिडच्या गोळ्या वर-खाली विखुरल्या, तर प्रेस तुझी. गाडी घेऊन ये आणि उचलून ने. थरथरत्या हातानं बायकोच्या तोंडासमोरची दारू तोलायची नसते."

नेव्हिलनं माझ्याकडे पाहिलं. मी केकचे तुकडे करत होते, ते करत राहिले.

हिशेब साधा होता. सगळ्या काडतुसांत दारू सारखी असेल तर वेग सारखा येतो, आणि लांबच्या निशाणावर गोळ्या एका आडव्या पट्टीत पडतात. वाऱ्यानं डाव्या-उजव्या सरकल्या तर तो दोष माझा. वर-खाली पांगल्या तर तो भरणाऱ्याच्या हाताचा.

मला बक्षीस नको होतं. मी पहाटे उठून स्तोत्र म्हणते, ते संपेपर्यंत कुणाशी बोलत नाही. त्या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडमधला दिवा दिसतो आणि दिव्याखाली वाकलेलं हेकचं डोकं. झटक्यानंतरही तो रोज तिथं जाऊन बसत होता, कारण तिथं त्याला काम होतं. प्रेस गेली असती तर तो खुर्चीत बसून टीव्हीवरच्या घोड्यांच्या शर्यती बघत राहिला असता, आणि मग हळूहळू तेही नाही. मी प्रभूजवळ एवढंच मागत होते की गोळ्या एका पट्टीत पडोत. मागणं जरा विचित्र होतं, पण त्यानं याहून विचित्र ऐकलेली असतील.

त्यात आणखी एक अडचण. हेक वर्षानुवर्षं जी दारू वापरत होता, ती कंपनीनं बनवायची बंद केली. शहरातल्या दुकानदारानं दुसऱ्या जातीचा एकच डबा दिला आणि पुढचा वसंतात, म्हणजे स्पर्धा होऊन गेल्यावर, येईल म्हणाला. नवीन दारू आली की हेकची रीत ठरलेली. थोडी थोडी वाढवत काडतुसं भरायची, झाडून बघायची, कुठं गोळ्या जवळ पडतात ते शोधायचं. त्यात अर्धा डबा संपला असता आणि स्पर्धेला काही उरलं नसतं.

म्हणून जावई आला. सेफो, आमच्या लेकीचा, जॅनेलचा नवरा, मूळचा सामोआ बेटांवरचा, कापणीची यंत्रं दुरुस्त करतो. दारातून तिरका होऊन आत येतो एवढा मोठा. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण त्याच्या तोंडून आमची नावं कधी निघाली नाहीत. त्याच्या बेटावर सासऱ्याला नावानं हाक मारली तर आजी समुद्रात ढकलते, असं तो सांगतो. त्यानं लॅपटॉप आणला होता, झाकणावर ग्रीसची बोटं उमटलेली. त्यात एक सॉफ्टवेअर होतं. नळीच्या आतली जागा, गोळीचं वजन, दारूची जात, नळीत गोळी किती खोल बसवली, असं सगळं त्याला सांगितलं की न झाडताच ते सांगतं, आत दाब किती येईल, वेग किती येईल, आठशे यार्डांवर गोळी किती खाली पडेल.

"आणि पाऊस कधी पडेल?" हेकनं विचारलं.

"ते नाही सांगत, बाबा. पण नळीत पाणी किती मावतं ते मात्र त्याला सांगावं लागेल."

झाडलेल्या नळीत काठोकाठ पाणी भरून तिचं वजन करायचं, म्हणजे आतली जागा कळते. हेकचा चेहरा बघण्यासारखा झाला. नळ्यांना दमट हवासुद्धा लागू नये म्हणून ज्यानं आयुष्यभर काळजी घेतली, त्याच्या बाकावर पाणी! शेवटी मी डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरनं नळ्या भरल्या. त्या दिवशी माझा उपवास होता, पोटात फक्त चहा, पण हात स्थिर होता. हेक काट्याकडे बघत राहिला, माझ्या हाताकडे नाही.

सॉफ्टवेअरनं दारूचं एक माप सुचवलं. हेकनं त्याहून थोडं कमी घेऊन सुरुवात केली, कारण यंत्राचा अंदाज हा अंदाजच, पहिलं पाऊल खालच्या पायरीवरच टाकायचं. मार्चच्या एका भाजून काढणाऱ्या दुपारी आम्ही मैदानावर गेलो. वेग मोजायचं यंत्र मांडलं आणि मी तीनशे यार्डांवर मोजक्याच गोळ्या झाडल्या. काडतुसांचा डबा नेहमीप्रमाणे गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवलेला. तिथून एकेक काढून हेक मला देत होता.

वेग अंदाजापेक्षा बराच जास्त आला. हेक खूश झाला. सॉफ्टवेअर चुकलं, म्हणजे त्याचा दिवस सार्थकी लागला. सेफो शांतपणे गाडीच्या सावलीत बसून आकडे सारखे करू लागला. खरा वेग आणि सॉफ्टवेअरमधला वेग जुळेपर्यंत दारूच्या जळण्याचा आकडा थोडा थोडा हलवायचा असतो.

"बाबा, हे विचारतंय, दारूचं तापमान किती होतं?"

"सोड ते. आपल्या दारूला ऊन-थंडी कळत नाही."

"आणि स्पर्धेच्या दिवसाचं?"

"सोड म्हटलं ना, पोरा."

सेफोनं सोडलं. दोन्ही आकडे एकमेकांना जुळले, आठशे यार्डांसाठी रायफलवरची, नेम वर-खाली करायची चाकी किती फिरवायची तेही मिळालं. तिघांनीही नंतर सॉसेज भाजून खाल्ले. डब्यात उरलेल्या दारूतून हेकनं पुढचे कित्येक आठवडे काडतुसं भरली. चिमटीच्या चमच्यानं दाणा दाणा टाकायचा. हात थरथरून दाणे सांडले की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. तोलून झालेलं पुन्हा तोलायचं. बाकाशी तोलायला बसलं की बोलायचं नाही हा त्याचा नियम, म्हणून मी शेजारी बसून गोळ्या बसवत असे आणि मनात जपमाळ ओढत असे. आमचे दोघांचे नियम तिथं छान जमून जायचे.

जुलैतल्या त्या शनिवारी, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, मैदानावर पांढरं दहिवर पडलं होतं. गवत पायाखाली करकरत होतं. माझी पाळी पहिल्याच फेरीत आली. हेक घडीची खुर्ची घेऊन माझ्यामागे बसला, गुडघ्यांवर घोंगडी, डोळ्याला दुर्बीण. मागून नेमबाजाला एक शब्दही सांगायचा नाही, असा आमचा कडक नियम. शेजारी नेव्हिल पेन्सिल घेऊन.

पहिल्या दोन गोळ्या चाचणीच्या असतात. चांगल्या पडल्या तर गुणांत धरून घ्यायच्या, नाहीतर सोडायच्या. मी पहिली झाडली. खंदकातल्या माणसांनी निशाण खाली ओढलं आणि पुन्हा वर केलं. गोळीची खूण काळ्या वर्तुळाच्या पार खाली, जवळजवळ कडेला.

मागे खुर्ची करकरली. मी वळले नाही, पण हेकच्या मनात काय आलं ते मला पाठीला कळलं. हात चुकला. दारू कमी पडली.

नेव्हिलनं गुण न लिहिता पेन्सिल तशीच धरून ठेवली. प्रेस मिळणार म्हणून तो खूश दिसत नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

अशा वेळी शहाणा नेमबाज काय करतो, तर चाकीला हात न लावता दुसरी झाडतो. एक काडतूस खराब असू शकतं. दुसरं बरोबर पडलं तर पहिल्याचा दोष. चाकी उगाच फिरवली आणि दोष एकाच काडतुसाचा निघाला, तर दुसरी गोळी निशाणाच्या डोक्यावरून जाते.

मी दुसरं काडतूस उचललं आणि बोटं चटकन मागे आली. पितळ बर्फासारखं गार होतं. मार्चमध्ये हेक माझ्या हातात काडतूस ठेवायचा तेव्हा ते भाकरीच्या तव्यासारखं लागायचं. काचेखाली तापलेलं. जुन्या दारूला ऊन-थंडी कळत नसे, हे खरं. या नव्या दारूला कळत नाही, असं कुणी म्हटलं होतं? फक्त हेकनं. सॉफ्टवेअरनं तर दोनदा विचारलं होतं.

की मी माझ्या नवऱ्याला वाचवायला कारण शोधत होते? तेही असेल. जमिनीवर पालथं पडून मी क्षणभर डोळे मिटले. मग त्या सकाळी खिडकीतून बघितलेला दिवा आठवला, सांडलेले दाणे ओतून पुन्हा पहिल्यापासून तोलणारा हात आठवला. ज्या माणसानं प्रत्येक चिमूट दोनदा तोलली, त्याच्यावर विश्वास ठेवायचा असेल तर पूर्ण ठेवायचा. अर्धा विश्वास म्हणजे अविश्वासच.

गोळी जेवढी खाली पडली होती, तेवढीच चाकी मी वर फिरवली. पूर्ण. खटके मोजताना नेव्हिलची भुवई वर जाताना दिसली.

"एवढं, एनिड?" तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला. खरं तर तेही नियमात बसत नव्हतं.

मी झाडली. निशाण खाली गेलं, आणि वर यायला वेळ लागला. आलं तेव्हा खूण काळ्याच्या मधोमध होती, जराशी डावीकडे.

"ही धरते," मी म्हणाले.

पुढच्या सगळ्या गोळ्या मी तशाच झाडल्या. वाऱ्यानं मला दोनदा फसवलं, एक उजवीकडे चार गुणांच्या वर्तुळात गेली, एक डावीकडे. पण उंची हलली नाही. शेवटी निशाणावर खुणा पाहिल्या तर जणू कुणी दोरीवर कपडे वाळत घातलेत.

उठले तेव्हा गुडघे ओले झाले होते. नेव्हिलनं कागदावर सही केली. मग हेककडे वळून म्हणाला, "म्हाताऱ्या, मी प्रेस ठेवायला जागा रिकामी केली होती. आता तिथं कोंबड्या ठेवतो."

हेक अजून दुर्बिणीतून निशाणाकडेच बघत होता. मी त्याच्या घोंगडीवर हात ठेवला. त्यानं दुर्बीण काढली तेव्हा डोळे पाणावलेले होते. थंडीनं, असं त्यानं सांगितलं आणि मी मानलं.

"पहिली माझ्या हातानं गेली वाटलं मला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला नाही वाटलं?"

"काडतूस गार लागलं," मी म्हणाले. मग त्याला काय काय सुचलं ते त्याच्या चेहऱ्यावर ओळीनं दिसत गेलं. मार्च, काच, तापलेला डबा, सोड म्हटलं ना पोरा. शेवटी तो हसायला लागला. झटक्यानंतर त्याचं हसू जरा एका बाजूला कलतं, मला ते आता आवडतं.

बक्षीस मिळालं नाही. चौथी आले, आणि क्लबनं मला एक हॅम दिलं. शुक्रवारी मी मांस खात नाही, त्याआत ते संपवायला हवं होतं, म्हणून रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जॅनेल आणि सेफोला जेवायला बोलावलं.

जेवण झाल्यावर हेक जावयाला घेऊन शेडकडे गेला. मी भांडी तशीच ठेवून मागोमाग गेले. हेकनं बाकाचं एक टोक मोकळं केलं होतं, लॅपटॉप मावेल एवढं, आणि भिंतीशी एक दुधाचा उलटा क्रेट ठेवला होता. "स्टूल तुझ्याखाली मोडेल," त्यानं सेफोला सांगितलं. सेफो क्रेटवर बसला, तरी डोकं आमच्या बरोबरीचंच राहिलं.

"आता त्याला विचारू दे," हेक म्हणाला. "दारूचं तापमान. जे विचारेल ते मी खरं सांगतो. उद्या सकाळी दहिवरात पुन्हा वेग मोजू. थोडीच काडतुसं उरलीत, पण पुरतील."

सेफो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आई, उद्या किती वाजता निघायचं?"

"माझं स्तोत्र झाल्यावर," मी म्हणाले.

हेकनं लगेच ओठांवर बोट ठेवलं. त्यानं काटा सुरू केला होता.