नववं प्यादं

मी कातारीण आहे. लेथवर लाकूड नि हाड कातून सोंगट्या करते, सासऱ्यांनी शिकवलं तेव्हापासून तीस वर्षं. संग्रहालयाच्या साहेबांनी बोलावलं तेव्हा वाटलं, चला, कुणाला तरी आपली किंमत कळली. कसलं काय.

फार जुन्या बुद्धिबळाच्या हाडाच्या सोंगट्या सापडल्या होत्या, एकाच बाजूच्या. साहेब म्हणाले, "मंत्री हरवलाय. नवा करून द्या."

मी एकेक हातात घेऊन पाहिली. प्यादी भरली नऊ. प्यादी आठ असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवव्याच्या मानेला खाच होती, बाकी कुणाला नव्हती.

"साहेब, मंत्री हरवलेला नाही. हा काय."

"बाई, मंत्री म्हणजे आजचा वजीर. राजाच्या खालोखाल. तो एवढुसा असेल?"

"आजचा वजीर पटभर उंडारतो. तेव्हाचा मंत्री तिरका एकच घर सरकायचा. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

लिहिलेलं होतंच. पण साहेबांचं म्हणजे हम करे सो कायदा. "लोकांना रुबाबदार काहीतरी दिसायला हवं. नमुना अशी पाटी लावू." नमुना म्हणाले म्हणून केला. चांगला बोटभर उंच, आणि बुडाला आमच्या सासऱ्यांची खूण, तीन रेघा. खुणेशिवाय आमच्या घरातून वस्तू बाहेर पडत नाही.

उद्घाटनाला वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, घेऊन गेले. काचेआड माझा मंत्री, खाली पाटी: 'मूळ सोंगटी, तेराशे वर्षांपूर्वीची'. माहिती सांगणारी मुलगी म्हणत होती, "असं काम आता कुणाला जमतंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "मला जमतं," मी म्हणाले. "गेल्याच महिन्यात जमलं. उलटा करून बघा, खाली तीन रेघा आहेत."

साहेब हसत पुढे आले, कपाट उघडून सोंगटी उलटी धरली. बुडाला मखमल चिकटवलेली. लोक हसले. खरा मंत्री कुठाय विचारलं, तर म्हणे आत डब्यात, किरकोळ सामानात.

वन्संनी माझं कोपर धरलं. "वहिनी, चल. भिंतीवर डोकं आपटून आपलंच फुटतं."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माझ्या हातून खोटं वदवून घेतलं, वर सासऱ्यांची खूण झाकली. आणि त्या जुन्या कारागिराचा काय गुन्हा? त्याचा मंत्री तेराशे वर्षं टिकला नि शेवटी डब्यात पडला. का, तर दिसायला गरीब.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. मंत्री लोकांना फार आवडला, पण त्याच्या शेजारी राजा बुटका दिसतो. राजाही नवा, उंच करून द्या.

"देते की," मी म्हटलं. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या.

राजा केला, मंत्र्याहून बोटभर उंच. बूड कोरं ठेवलं. सासऱ्यांच्या तीन रेघा यावेळी कपाळावर कोरल्या, ठसठशीत. नेऊन साहेबांच्या टेबलावर उभा केला.

"आता मखमल इथं लावा. नाहीतर डबा उघडा आणि खरा मंत्री बाहेर काढा."

साहेबांनी राजा उचलला, कपाळ अंगठ्यानं झाकून पाहिलं. अंगठा पुरला नाही.